बिस्किटावरचा ग

लोक फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लावतात. आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरमालकांनी लावली होती, ‘या घरात अंगठा चालणार नाही.’ पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं, स्वतःच्या हातानं काढलेली, शिरोरेखा फूटपट्टी धरून मारलेली. आम्ही घर पाहायला आलो तेव्हा माझे यजमान ती वाचून फाटकाबाहेरच थबकले. हळूच म्हणाले, “चाल, दुसरीकडं पाहू. हे गृहस्थ थोडे सरकलेले दिसून राहिले.” मी म्हटलं, सरकलेले असू द्या बाप्पा, नळ किती वेळ येतो ते विचारा. नळ दोन्ही वेळ येत होता. आम्ही राहिलो ते सात वर्षं राहिलो.

घरमालकांना सगळे सर म्हणायचे. महानगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले, उंच, हाडकुळे, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन भिलाईला. वरच्या मजल्यावर एकटे राहायचे आणि खालच्या दोन खोल्या आमच्याकडं. सदऱ्याच्या खिशाला कायम दोन पेनं. एक लिहायला आणि एक उसनं द्यायला. उसनं देताना टोपण स्वतःजवळ ठेवायचे, म्हणजे पेन परत येतं.

त्यांचा वैरी एकच, अंगठा. शाळा सुटली तरी माणसाच्या आतली शाळा सुटत नाही म्हणतात, पण सरांचं प्रकरण त्याच्याही पलीकडचं होतं. मोबाईलवर मी त्यांना निरोप पाठवला, ‘सर, उद्या गॅसवाला येणार आहे, चावी शेजारी ठेवा,’ तर उत्तर यायचं, ‘ठीक आहे. चावी ठेवतो. आभारी आहे.’ पूर्णविरामांसकट. एकदा त्यांनी काहीतरी कळवलं आणि मी घाईत नुसता अंगठ्याचा तो पिवळा शिक्का पाठवला. दोन मिनिटांत सर जिना उतरून खाली. चेहरा असा की मला वाटलं कोणी गेलं की काय.

“बेटा, तू शिकलेली हायस ना?”

“हो सर.”

“ऑफिसात कारकून हायस?”

“हो सर.”

“मंग मले अंगठा काहून दाखवला?”

मी हसले. ते हसले नाहीत. त्या दिवसापासून मी सरांना ‘हो’ असं दोन बोटांनी टाईप करून पाठवत आले. आजही कोणी मला तो अंगठा पाठवला की माझ्याच्यानं राहवत नाही, मनात म्हणते, काय गा, लिहिता येत नाही का तुला?

रेशनच्या दुकानात मशीन आलं तेव्हा तर मोहल्ल्यात तमाशा झाला. दुकानदार म्हणे अंगठा ठेवा, सर म्हणे कागद आणा, सही करतो. मागं ही रांग. सर सांगून राहिले, “माह्या आईनं अंगठा सोडला तवा मी पाच वर्साचा होतो. आता मी पुन्हा लावू? मले लिवता येते!”

दुकानदार बिचारा रडकुंडीला आला. “सर, तुमाले येते, पण मशीनले वाचता येत नाही ना.”

“मंग तिले शाळेत टाका.”

शेवटी रांगेतल्याच कोणीतरी सांगितलं की मशीनला कोणतंही बोट चालतं. सरांनी थोडा विचार केला आणि करंगळी ठेवली. मशीननं घेतली. सर तांदूळ घेऊन असे घरी आले की जणू किल्ला सर केला. मग पेन्शनीसाठी जिवंत असल्याचा दाखला द्यायचा तिथंही करंगळीच. आणि सोबत हातानं लिहिलेला एक अर्ज, ‘मी जिवंत आहे,’ खाली सही. तो अर्ज कोणीच मागितला नव्हता, पण सर दर वर्षी द्यायचे.

अशा माणसाच्या घरात माझ्या सासूबाई आल्या.

सासूबाई भिवापूरच्या. सगळं आयुष्य मिरचीचे देठ खुडण्यात गेलेलं. सासरे वारल्यावर आमच्याकडं राहायला आल्या. जीभ त्यांच्या गावच्या मिरचीची, आणि शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्या वर्षी घराचा करार नवा करायचा होता. सरांचा नियम असा की घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं त्यावर सही करायची. आम्ही दोघांनी केली. सासूबाईंनी शाईची डबी जवळ ओढली आणि अंगठा उचलला. सरांनी डबी उचलून खिशात घातली. पांढरा सदरा तो! निळा डाग शेवटपर्यंत गेला नाही.

“बाई, इथं अंगठा चालत नाही.”

“मंग काय पाय लावू?”

करारावर ती एक ओळ कोरी राहिली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “बेटा, एवढे लेकरं शिकवले मी. मोहल्ल्यातल्या बायाईले सही शिकवली. अन् आता माह्याच छपराखाली एक अंगठा राह्यला. तो मिटवल्याबिगर मी मरनार नाही.”

सासूबाईंचे कान तिखट. आतून ओरडल्या, “मंग जगा शंभर वर्सं! मले काय घाई हाय?”

झालं, जुंपली. सर दुपारी चार वाजता पाटी घेऊन खाली यायचे. ते आले की सासूबाईंना नेमकं काम आठवायचं. कधी लसूण सोलायचा असायचा, कधी झोप यायची. एकदा मात्र त्यांनी सरळच विचारलं, “मास्तर, मी पोरगी होती तवा रोज शाळेच्या दारातून मिरचीचं गठुडं घेऊन जात होती. तवा कोनी म्हटलं नाही, ये वं पोरी, बस. आता कायले बलावता? आता काय मले कलेक्टर व्हाचं हाय?” सर पाटी काखेत घालून वर गेले, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा आले.

आता बिस्किटांचं सांगते, कारण सर म्हणजे बिस्किटं आणि बिस्किटं म्हणजे सर.

दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, दीक्षाभूमीवर किती माणूस लोटतं ते नागपूरकराला सांगायला नको. उमरेड रोडनं येणारी मंडळी आमच्याच भागातून जायची. कोणी गाडीनं, कोणी पायी, कडेवर लेकरं घेऊन. सरांच्या घरचा रिवाज असा की रस्त्याच्या कडेला टेबल मांडायचं, माठ ठेवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात घरची दोन बिस्किटं द्यायची. विकतची नाही, घरची. दोन दिवस आधी भट्टीवाल्याकडून पत्र्याचे मोठे ट्रे घरी यायचे. परातीत तूप आणि पिठीसाखर पांढरं होईपर्यंत फेसायचं, मग मैदा, थोडा रवा, वेलची. गोळे करायचे, चपटे करून ट्रेवर मांडायचे आणि रिक्षानं भट्टीवर न्यायचे. सणाच्या दिवसांत त्या भट्टीवर अर्ध्या मोहल्ल्याचे ट्रे रांगेत लागलेले असतात. भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या फळीनं एकेक ट्रे आत सारायचे. सरांना पाहिलं की ओरडायचे, “मास्टरजी का माल पहले लगाओ रे, नहीं तो इधर भी शाळा भरेगी!”

प्रत्येक बिस्किटावर एक अक्षर असायचं. ग.

ते कुठून आलं हे सरांनीच मला पहिल्या दसऱ्याला सांगितलं. त्यांच्या आईचं नाव गयाबाई. तरुणपणी ती एका भट्टीवर झाडलोट करायची, पीठ मळायची. छप्पन साली दीक्षा घेतली. वस्तीत बायांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला, तिथं जायला लागली. भट्टीच्या मालकानं तिला सणापुरती मुभा दिली होती, काम आटोपल्यावर उरलेल्या आचेवर तुझी बिस्किटं लाव. आपलं कोणतं ते ओळखावं म्हणून गयाबाई प्रत्येक बिस्किटावर अंगठा दाबायची. एका वर्षी दुसऱ्या एका बाईनंही अंगठाच दाबला होता. ट्रे मिसळले, भांडण झालं. मालक म्हणाला, अंगूठा तो सबका एक जैसा, मैं क्या फैसला करूं? गयाबाईची बिस्किटं त्या बाईच्या डब्यात गेली.

“आई रडली नाही,” सर सांगत होते. “पन दुसऱ्या वर्सी तिनं छत्रीची तार घेतली अन् एकेका बिस्किटावर ग काढला. तिले तवा तेवढंच अक्षर येत होतं. चाळीस-पन्नास ग काढले. सगळे येडेवाकडे. पन यावेळी मालकानं डबा तिच्या हातात देल्ला. लोकाईच्या मायची पयली सही कागदावर असते बेटा. माह्या मायची बिस्किटावर हाय.”

तीच छत्रीची तार सरांकडं होती. एका टोकाला दोरा गुंडाळलेली. तिला ते लेखणी म्हणायचे. आणि बिस्किटावरसुद्धा शिरोरेखा द्यायचेच. मी एकदा म्हटलं, सर, भाजल्यावर पसरतं, कोणाला दिसते ती रेघ? म्हणाले, “डोक्यावर छप्पर नाही ते अक्षर नाही.”

पहिल्या वर्षी सासूबाई वर आल्याच नाहीत. खोटं कशाला बोलू, कारण नुसत्या पाटीचं नव्हतं. गावाकडचे लोक विचारायचे, घरमालक कोण? आम्ही सांगितलं की एकदम विषय बदलायचे. सासूबाईंनी वर्षभर वरचं पाणी घेतलं नव्हतं. सरांनी दसऱ्याला बिस्किटाची पुडी आणून दिली तर म्हणाल्या, “माह्या दाताले चालत नाही,” आणि पदराला बांधून ठेवली. दात त्यांचे हरभरे फोडतील असे! मला इतकी लाज वाटली की मी मान खाली घातली. सरांना कळलं नसेल का? जे ओळखण्यात त्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या ते कळलं नसेल? ते एवढंच म्हणाले, “दुधात बुडवून खाजा बाई. नरम होते.”

दुसऱ्या वर्षी मी वर गोळे करत बसले होते. सासूबाई काहीतरी विचारायला म्हणून जिना चढून आल्या, दारात उभ्या राहून माझे गोळे पाहिले आणि त्यांच्याच्यानं राहवलं नाही. “हे काय वं? बिस्किटं हायेत का बैलाले चाराचे मुटके? सरक तिकडं.” बसल्याच. हात असा चालायचा त्यांचा, एकासारखा एक गोळा. ट्रे मधे, एका बाजूला सर लेखणी घेऊन, समोर सासूबाई. त्या चपटं करून ठेवायच्या, सर ग काढायचे. दोघांची जीभ एकमेकांवर चाललेली, हात आपापल्या कामात. संध्याकाळी भट्टीवरून डबे आले तेव्हा एक तुटकं बिस्किट सासूबाईंनी बोलता बोलता तोंडात टाकलं. मी पाहिलं. सरांनीही पाहिलं. सर त्या दिवशी गुणगुणत जिना उतरले.

त्यानंतर दर दसऱ्याला ते दोघं समोरासमोर बसू लागले. एका वर्षी सासूबाईंनी सकाळी मिरच्या कुटल्या आणि हात नुसते पाण्यानं धुऊन गोळे वळले. तो सगळा घाणा तिखट! रस्त्यावर लेकरं बिस्किट खाऊन माठाकडं पळत होती. सरांनी एक खाल्लं, नाक पुसलं, डोळे पुसले आणि म्हणाले, “भिवापूरचं पानी उतरलं. चव हाय, पन लपून राह्यत नाही.” सासूबाई त्या दिवशी टेबलाशी उभ्या राहून गावची माणसं शोधत होत्या. “कुठचे गा तुमी? भिवापूरचे? घ्या, आपल्याच हातचे हायेत.” बिस्किटावर काय लिहिलं आहे असं कोणी विचारलं, तर सरांच्या आधी त्याच सांगायच्या, “त्याईच्या मायची सही हाय.”

एवढं सगळं झालं तरी पाटी नाहीच धरली बाईनं. करार दर वर्षी नवा व्हायचा आणि ती ओळ कोरी राहायची. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठाही उमटत नव्हता. देठ खुडून खुडून रेघा पार झिजून गेल्या होत्या. मशीन लाल दिवा दाखवायचं. सर म्हणायचे, “पाहा बाई, आता मशीनही म्हनते अंगठा सोडा.” सासूबाई म्हणायच्या, “मशीन मेलं तुमच्याच शाळेतलं दिसते.”

आमच्या सहाव्या वर्षी, दसऱ्याला महिनाभर उरला असताना, सरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. तोंड थोडं वाकडं झालं, शब्द तुटत यायला लागले. मुलगी भिलाईहून आली, दवाखाना झाला, घरी आणलं. आम्ही सगळ्यांनी समजूत घातली की यंदा राहू द्या. मुलगी म्हणाली, बाबा, दुकानातून पुडे आणते, तेच वाटू. सरांनी डाव्या हातानं ट्रेकडं बोट केलं. ट्रे आणावेच लागले.

मी पीठ भिजवलं, सासूबाईंनी गोळे केले. सरांना खुर्चीवर उशा लावून बसवलं. त्यांनी डाव्या हातात लेखणी धरली आणि पहिल्या बिस्किटावर टेकवली. हात थरथरला, बिस्किट फाटलं. दुसरं फाटलं. तिसऱ्यावर एक वेडीवाकडी चीर पडली. घाम फुटला त्यांना. मला पाहवेना. मी म्हटलं, “सर, द्या, मी लिहिते.” त्यांनी मान हलवली, नाही. “मा... ह्या हातानं... नाही... तं नाही.” आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. आजही आठवलं की जीभ चावते मी. म्हटलं, “खूणच तर करायची आहे सर, यंदा नुसता अंगठा दाबू.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या हातातून तार खाली पडली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांची मुलगी उठून आत गेली. मी तिथंच बसून होते, जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालेलं.

सासूबाईंनी वाकून तार उचलली. पदराला पुसली. मला म्हणाल्या, “तू सरक. तुहं डोकं अन् तुहं तोंड, दोनी खूप चालते.” आणि ट्रेवर वाकल्या. बिस्किटाच्या खालच्या कडेला आधी एक आडवी रेघ मारली. मग डाव्या हाताला उभी दांडी. मग उजवीकडं आणखी एक काडी, आणि वर तिला वेटोळं.

मी म्हटलं, “आई, उलटं होऊन राहिलं. रेघ वर असते.”

“उलटं कायचं? एवढे वर्सं पाहून राहिली ना मी, दर दसऱ्याले. असाच काढते मास्तर.”

मला काही कळेना. मी उठून सरांच्या खुर्चीमागं गेले, आणि तिथून पाहिलं. ग. सरळ, स्वच्छ, डोक्यावर छप्पर असलेला ग. सासूबाई इतकी वर्षं समोर बसून गोळे करत होत्या. पाटीकडं पाठ फिरवणारी ती बाई ट्रेकडं पाहत होती, आणि समोरून जसं दिसलं तसं शिकली होती. त्यांच्या बाजूनं उलटं, सरांच्या बाजूनं सरळ.

सरांनी डोळे उघडले. ट्रेकडं बघत राहिले. सासूबाईंनी दुसरा काढला, तिसरा काढला, मान वर न करता सगळा ट्रे भरला. मग सर हसायला लागले. अर्धंच तोंड हसत होतं, पण आवाज असा आला की मुलगी धावत बाहेर आली. “बा...ई,” ते म्हणाले, “पास.”

“व्हय, व्हय, पास,” सासूबाई म्हणाल्या, “हात चालवू द्या आता. चाचाची भट्टी थंडी होऊन राहिली.”

त्यानंतर सासूबाई स्वतःहून चार वाजता वर जायच्या. त्यांचं नाव सगुणा. सरांनी त्यांना पाटीवर दाखवलं, यात दुसरं अक्षर ग आहे. तुकड्यातुकड्यांनी म्हणाले, “तुह्या नावात... माही माय... बसली हाय.” सासूबाई खुश झाल्या. पण सरांच्या शेजारी बसायला तयार नाहीत. मी चिडले, आई, अशानं सगळंच उलटं शिकाल, इकडं बसा! सासूबाई म्हणाल्या, “इथूनच येते मले. तिथून नाही येत.” मी सरांकडं पाहिलं. एवढी शिरोरेखेची फूटपट्टी धरणारा माणूस, ऐकून घेतो की काय? त्यांनी डावा हात हलवला. राहू दे. ते डाव्या हातानं काढायचे, सावकाश, वेडंवाकडं, आणि त्या समोरून उतरवायच्या. स झाला. ग येतच होता. ग ला उकार झाला. थंडी सरेपर्यंत सगु झालं.

णा राहिला आणि सर गेले. लकव्यापासून इथंच राहिलेली त्यांची मुलगी एका सकाळी चहा घेऊन गेली तर उठलेच नाहीत. सगळे आले, वंदना झाली, मोहल्ला रडला. मी नाही रडले. धावपळीत होते, आणि मी तशी रडणाऱ्यातली नाही. सासूबाई पाटी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “मास्तर म्हनत होते, अंगठा मिटवल्याबिगर मरनार नाही. लबाड. अर्ध्यातच गेले.” तेरा दिवस त्यांनी पाटीला हात लावला नाही. चौदाव्या दिवशी माझ्यासमोर आणून ठेवली.

“ण कसा असते?”

मी त्यांच्या शेजारी बसायला गेले. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी निमूट उठून समोर जाऊन बसले. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा समजलं की सर काय करायचे. समोरच्याला कुठून दिसतं आहे ते धरून शिकवायचं. मी पाटी सरळ माझ्याकडं धरून ण काढला, काना दिला. त्यांनी समोरून उतरवला. चार दिवस लागले. मी एकदाही ओरडले नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

मग आम्ही प्रताप नगरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. आणि महापालिकेची निवडणूक लागली. मतदान केंद्र एका शाळेत होतं. सासूबाई कडक इस्त्रीचं नऊवारी नेसून माझ्या पुढं रांगेत. टेबलामागं एक तरुण अधिकारी, कंटाळलेला. त्यानं वर पाहिलं, पांढरे केस आणि सुरकुतलेले हात पाहिले आणि न विचारताच शाईची डबी पुढं सरकवली.

“आजी, इथं अंगठा.”

“सही करतो मी,” सासूबाई म्हणाल्या.

तो थोडा गोंधळला. “बरं बरं,” म्हणाला, आणि मोठं रजिस्टर त्यांच्याकडं फिरवायला लागला. सासूबाईंनी तळहात त्यावर ठेवून ते थांबवलं.

“फिरवू नोको गा. तुह्याकडंच राहू दे.”

“अहो आजी, असं उलटं कसं लिहाल?”

“वाचाचं कोनाले हाय? मले का तुले?”

पेन हातात घेतलं आणि त्या वाकल्या. खाली आडवी रेघ मारली. मग सावकाश, ओठ घट्ट मिटून, एकेक अक्षर. मागून कोणीतरी म्हणालं, आजी, लवकर. मी वळून त्याच्याकडं रोखून पाहिलं. अधिकाऱ्याच्या समोर, त्याच्या बाजूनं, सरळ रेषेत नाव उमटत गेलं. त्यानं ते वाचलं, मोठ्यानं, बहुतेक नकळतच. “सगुणा.”

“व्हय,” सासूबाई म्हणाल्या, “मीच,” आणि बोटाला शाई लावून घ्यायला पुढच्या टेबलाकडं गेल्या.

आता माझा नंबर होता. अधिकाऱ्यानं माझं नाव विचारलं आणि मला सांगताच येईना. सर गेले तेव्हा आलं नव्हतं ते सगळं तिथं, त्या शाळेच्या वर्गात, इतक्या लोकांसमोर आलं. हुंदकाच फुटला. तो बिचारा घाबरला. “काय झालं मॅडम? बरं नाही का?”

मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, “काही नाही. सही कुठं करायची तेवढं दाखवा.”